घटना बदलायला जनतेचा कौल घ्यायचा झाला, तर किती टक्के "होय" पुरेत?

कोयनाकाठ (कराड)

डेन्मार्कमध्ये 1939 साली नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं. मत द्यायला आलेल्यांपैकी जवळजवळ 92 टक्के लोक "होय" म्हणाले, तरी घटना नामंजूर झाली. यादीत नाव असलेल्या एकूण मतदारांपैकी 45 टक्क्यांचा होकार हवा अशी तिथे अट होती आणि होकार भरला 44.46 टक्के. ब्रिटनने 2016 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं ते 51.89 टक्क्यांवर. तिथे अशी कुठलीच अट नव्हती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. यंदा वादविवाद स्पर्धेला आम्ही विषय ठेवला होता, "घटनेत मूलभूत बदल करण्याआधी थेट जनतेला विचारावं का?" मुलं पोटतिडकीने बोलली. पण विचारल्यावर नेमका किती जणांचा होकार म्हणजे जनतेचा होकार धरायचा, हा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कुणीच काढला नाही. मला तर सगळा विषय तिथेच आहे असं वाटतं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. साधा कायदा साध्या बहुमताने व्हावा, तो पुढच्या सरकारला बदलता येतो. घटना बदलताना मात्र झालेल्या मतांच्या निम्म्याहून एक जास्त, एवढ्यावर भागू नये. अट हवीच. पण "किमान अमुक टक्के मतदान झालं पाहिजे" ही अट सगळ्यात वाईट. इटलीत एखादा कायदा रद्द करायला सार्वमत घेतात, तेव्हा निम्म्याहून जास्त मतदारांनी यावं लागतं. 18 एप्रिल 1999 ला निवडणूक कायद्यावर असं मतदान झालं. 91 टक्क्यांहून जास्त लोकांनी "होय" म्हटलं, मतदान भरलं 49.6 टक्के, आणि सगळं पाण्यात गेलं. विरोधकांनी बाहेर पडून "नाही" म्हणायचीही गरज नाही, घरी बसलं की काम झालं. घटनादुरुस्तीच्या सार्वमताला इटलीने ही अट लावलेली नाही, ते शहाणपणाचं आहे.

त्यापेक्षा अट होकारावर घालावी. झालेल्या मतांत बहुमत हवंच, शिवाय तो होकार एकूण यादीच्या 40 टक्के तरी भरावा. डेन्मार्कने 1953 पासून हेच केलंय. आपल्यासारख्या देशात याच्या जोडीला निम्म्या राज्यांमध्येही बहुमत असावं.

सांगली-साताऱ्याकडच्या सगळ्यांनी लिहा. आपल्याकडे याचे अनुभव नाहीत असं मुळीच नाही.

विटा_आटपाडी

ताई, तुमचा 40 टक्क्यांचा हिशेब आमच्या भागात आणून बघा. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात. सोनं गाळायला कुणी कोईमतूरला, कुणी केरळात, कुणी पार आसामात. नावं मात्र गावच्या यादीत. ग्रामपंचायतीला माणसं गाड्या करून येतात, कारण तिथं भावकीचा सवाल असतो. घटनेच्या कलमासाठी कोण दुकान बंद ठेवून येणार?

म्हंजे तुमच्या नियमाने आमचा कोईमतूरचा चुलतभाऊ आपोआप "नाही" म्हणाला असं होतंय. त्याला कुणी विचारलंच नाही. पाटण, जावळीकडचे माथाडी मुंबईत, त्यांचंही तेच. आणि यादीतले मेलेले वेगळेच.

घटनाप्रेमी_मिरज

विटा_आटपाडी यांनी अगदी वर्मावर बोट ठेवलं. हे स्कॉटलंडमध्ये जसंच्या तसं घडलंय. 1 मार्च 1979 ला तिथे स्वतंत्र विधिमंडळ हवं का, यावर मतदान झालं. 51.6 टक्के लोक "हवं" म्हणाले. पण ब्रिटिश संसदेने आधीच अट घालून ठेवली होती की एकूण मतदारांपैकी 40 टक्क्यांचा होकार हवा. होकार भरला 32.9 टक्के. मृतांची नावं, दोन ठिकाणी नाव असलेले विद्यार्थी, हे सगळे "नाही"च्या खात्यात गेले म्हणून तिथे मोठी ओरड झाली. महिनाभरात ब्रिटनचे पंतप्रधान कॅलाहन यांचं सरकार 311 विरुद्ध 310 अशा एका मताने पडलं. पुढे 1997 मध्ये अशी अट न घालता विचारलं, तेव्हा 74 टक्के लोकांनी "होय" म्हटलं. मधली 18 वर्षं वाया गेली ती त्या अटीमुळे.

मी साध्या बहुमताच्या बाजूचा आहे. आयर्लंडमध्ये घटनेतला प्रत्येक बदल लोकांपुढे जातो आणि झालेल्या मतांचं साधं बहुमत पुरतं. 1995 मध्ये घटस्फोटावरची बंदी उठली ती 50.28 टक्क्यांवर, फक्त 9,114 मतांच्या फरकाने. देश काही बुडाला नाही. 2015 मध्ये समलिंगी विवाहाला 62 टक्क्यांनी मान्यता मिळाली. 2024 च्या मार्चमध्ये सरकारने आणलेल्या दोन्ही दुरुस्त्या लोकांनी दणदणीत मतांनी फेटाळल्या. याचा अर्थ साधं बहुमत ठेवलं की लोक काहीही मंजूर करून टाकतात, ही भीती खरी नाही.

प्रत्येकाचं मत सारखं म्हणायचं आणि "नाही"वाल्याला दीडपट वजन द्यायचं, हे मला पटत नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने 2006 मध्ये घटनादुरुस्तीसाठी 60 टक्क्यांची अट आणली. ती दुरुस्ती स्वतः मंजूर झाली 57.8 टक्क्यांवर. 2024 मध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती 57.2 टक्के मतं मिळवूनही पडली. 57 टक्के लोकांनी उद्याच्या 57 टक्क्यांचे हात बांधायचे, हा अधिकार त्यांना कुणी दिला?

जावळीची_सून

मी पुस्तकातलं सांगू शकणार नाही, पण आडवी बाटली-उभी बाटलीचं मतदान आतून पाहिलंय. कोयनाकाठ ताई ज्याला एकूण यादीवरचा होकार म्हणताहेत, तो नियम आपल्याकडे 2008 पासून दारूच्या दुकानाला लावतात. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. उत्पादन शुल्कवाले सह्या तपासतात. मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या.

समजा यादीत 1000 बायका आहेत. मतदानाला 600 आल्या, 480 जणींनी आडवी केली, 120 जणींनी उभी ठेवली. दर पाचांतल्या चौघी "बंद करा" म्हणताहेत, आणि दुकान चालूच. 501 हवी होती.

आता यात काय होतं ते सांगते. उभ्या बाटलीचा प्रचार कुणी करत नाही. बायकांना कुणी म्हणत नाही की उभीला मत द्या. "कशाला जातेस, घरी बस" एवढंच म्हणतात. आमच्याकडे त्या दिवशी भांगलणीला दुप्पट हजेरी (मजुरी) लावली होती. आणि मुख्य गोष्ट अशी की जी बाई मतदानाला निघाली, ती आडव्या बाटलीचीच, हे गल्लीतल्या सगळ्यांना कळतं. पडद्यामागे शिक्का मारला म्हणून काय झालं, शाळेच्या फाटकातून आत जाताना ज्यांनी बघायचं त्यांनी बघून घेतलेलं असतं. एका मावशींनी दारापर्यंत येऊन मला विचारलं, "आत गेले तर त्याला कळंल का गं?" त्याला म्हणजे नवऱ्याला. काय उत्तर देणार? त्या परत फिरल्या.

म्हणून ताई, तुम्ही इटलीबद्दल जे म्हणालात ते यादीवरच्या होकाराच्या अटीलाही लागू पडतं. दोन्हीकडे घरी बसणाराच जिंकतो.

कोयनाकाठ (कराड)

@जावळीची_सून, गुप्त मतदानाचा हा मुद्दा मी कुठल्याही पुस्तकात इतका स्वच्छ वाचला नव्हता. अट अशी हवी की "नाही"वाल्यालाही केंद्रावर यावंसं वाटलं पाहिजे, तरच आत जाणाऱ्याचं मत झाकलेलं राहतं. हे उद्या वर्गात सांगणार आहे.

तरीही दोन अटींत फरक आहे, तो सोडू नका. किमान मतदानाच्या अटीत "नाही" मत देणारा माणूस "होय"वाल्यांना मदत करून बसतो. 49 टक्के मतदान झालंय, मी "नाही" म्हणायला गेलो आणि माझ्यासारखे काही गेले की 50 भरले, आणि "होय" जिंकलं. आपण मत दिल्यामुळे आपलीच बाजू हरावी, हा उफराटा प्रकार होकाराच्या अटीत होत नाही. तिथे "नाही"वाला गेला काय, न गेला काय, "होय"चा आकडा तेवढाच राहतो. आणि 50 ऐवजी 40 ठेवलं तर घरी बसवण्याची ताकद बरीच कमी होते. तुमच्याच उदाहरणात 480 म्हणजे 48 टक्के. 40 ची अट असती तर दुकान बंद झालं असतं.

तैवानची अट मात्र तुमच्या बाटलीसारखीच आहे, निम्मी यादी. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे मतदानाचं वय 20 वरून 18 करायचं होतं. सुमारे 56 लाख लोक "होय" म्हणाले, 50 लाख "नाही". हवे होते 96 लाख. ज्या प्रस्तावाला सगळ्या मोठ्या पक्षांचा पाठिंबा होता तोही पडला. इतकी उंच अट मला नको.

वकिलाची_डायरी (सांगली)

चांगली चर्चा चाललीय. थोडं कायद्याच्या बाजूने.

आपल्या घटनेत दुरुस्तीसाठी सार्वमत नाही. ते राहून गेलेलं नाही, विचारपूर्वक बाजूला ठेवलंय. 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं की सार्वमत किंवा खास परिषद यांसारख्या अवघड पद्धती आम्ही टाळल्या आहेत आणि दुरुस्तीचा अधिकार विधिमंडळांकडे ठेवला आहे. कलम 368 नुसार दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांचं दोनतृतीयांश बहुमत लागतं, शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. संघराज्याच्या रचनेला हात लागत असेल तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही हवी.

कोयनाकाठ मॅडम, तुम्ही मागताय ती दुहेरी मोजणी इथे आधीपासून आहे. हजर असलेल्यांचं वेगळं माप आणि एकूण यादीचं वेगळं. गैरहजर खासदार दुसऱ्या मापात "नाही"च धरला जातो. फरक इतकाच की खासदाराला पक्ष व्हिप (पक्षादेश) काढून हजर करतो, कोईमतूरच्या गलाईवाल्याला कोण करणार?

ही मापं किती काटेकोर असतात याचं एक उदाहरण आपल्या भागाशी निगडित आहे. सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही सगळी संस्थानं. विलीनीकरणानंतर संस्थानिकांना तनखे मिळत. ते बंद करण्याचं घटनादुरुस्ती विधेयक सप्टेंबर 1970 मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत 149 विरुद्ध 75 असं पडलं. एकूण 224 मतं, त्यांचे दोनतृतीयांश 149.33. पूर्ण एक मतही कमी नव्हतं, एका मताचा तिसरा हिस्सा कमी. पुढच्या वर्षी निवडणूक झाली, इंदिरा गांधी मोठ्या बहुमताने परतल्या आणि 26 व्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. उंच अटीने निर्णय रोखला, असं मी म्हणणार नाही. मधे लोकांकडे जायला लावलं.

आणखी एक गोष्ट, जी आता फारशी कुणाला आठवत नाही. आणीबाणीनंतर जनता सरकारने 1978 मध्ये 45 वं घटनादुरुस्ती विधेयक आणलं. घटनेचं धर्मनिरपेक्ष किंवा लोकशाही स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका, न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती असेल तर सार्वमत घ्यावं अशी तरतूद त्यात होती. अट होती किमान 51 टक्के मतदान आणि त्यात बहुमत. लोकसभेने मंजूर केलं, राज्यसभेने हे कलम गाळलं. उरलेलं विधेयक 44 वी दुरुस्ती म्हणून आलं. म्हणजे भारत सार्वमताच्या उंबरठ्यापर्यंत आला होता, आणि निवडलेली अट नेमकी मॅडमना नको असलेली होती.

घटनाप्रेमी_मिरज

@वकिलाची_डायरी, 51 टक्के मतदान आणि त्यात बहुमत म्हणजे यादीच्या जेमतेम 26 टक्के लोकांनी मूलभूत हक्क कमी करायचे! केशवानंद भारती खटल्यात 1973 ला सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही म्हटलं, ते याहून कितीतरी मजबूत संरक्षण आहे.

आता कोयनाकाठ ताईंचे 40 टक्के भारतावर लावून पाहतो. 2024 च्या लोकसभेआधी जाहीर झालेल्या यादीत 96.88 कोटी मतदार होते. 40 टक्के म्हणजे 38 कोटी 75 लाख "होय". मतदान झालं 65.79 टक्के. तेवढंच मतदान सार्वमताला झालं असं धरलं, तर आलेल्यांपैकी जवळपास 61 टक्क्यांनी "होय" म्हणावं लागेल. मतदान 55 टक्क्यांवर आलं तर 73 टक्के लागतील. ताई म्हणतात 40, पण प्रत्यक्षात ती फ्लोरिडापेक्षा उंच अट आहे, आणि किती उंच ते मतदानाच्या दिवशी पाऊस पडतो का यावर ठरणार.

कोयनाकाठ (कराड)

हिशेब बरोबर आहे आणि मला त्याची अडचण नाही. घटनेसाठी 61 टक्के मला जास्त वाटत नाहीत. आपले खासदार 66 ने बांधलेले आहेत, मग जनतेकडे गेलं की 50 वर का उतरावं?

ब्रिटनमध्ये 52-48 ने जे झालं त्यात मला हेच खटकतं. निकाल लागल्यावर नेमकं काय ठरलं, याबद्दल जिंकलेल्यांतही एकमत नव्हतं. क्यूबेकमध्ये 1995 ला कॅनडातून फुटायच्या प्रश्नावर 93 टक्क्यांहून अधिक मतदान झालं आणि "नाही" बाजू 50.58 टक्क्यांवर टिकली. सत्तावीस-अठ्ठावीस हजार मतं इकडची तिकडे झाली असती तर देश फुटला असता. परत फिरता येत नाही अशा निर्णयाला हा फरक पुरेसा मानायचा? माँटेनेग्रोला 2006 मध्ये सर्बियापासून वेगळं व्हायचं होतं, तेव्हा युरोपीय संघाने 55 टक्क्यांची अट घातली. 55.5 टक्के पडले. अट आधी ठरलेली होती आणि दोन्ही बाजूंनी मानलेली होती, म्हणून निकालानंतर शांतता राहिली.

कृष्णाघाट_वाई

राज्यांच्या बहुमताबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियात देशभराचं बहुमत हवं आणि सहापैकी चार राज्यांतही हवं. 1901 पासून 45 प्रस्ताव लोकांपुढे गेले, मंजूर झाले 8. 1977 ला एका प्रस्तावाला देशात 62 टक्के मतं मिळाली पण राज्यं तीनच आली, म्हणून पडला. 2023 मध्ये मूळ रहिवाशांच्या सल्लागार मंडळाचा प्रस्ताव देशात 60 टक्क्यांनी आणि सहाही राज्यांत पडला. मतदान तिथे सक्तीचं आहे, त्यामुळे घरी बसण्याचा प्रश्नच नाही.

स्वित्झर्लंडमध्येही लोक आणि कँटन (तिथली राज्यं) अशी दुहेरी अट. नोव्हेंबर 2020 मध्ये कंपन्यांच्या परदेशातल्या जबाबदारीवर मतदान झालं. लोकांचं बहुमत मिळालं, 50.7 टक्के, पण बहुतेक कँटन विरोधात गेली आणि प्रस्ताव पडला. तिथल्या एका अर्ध्या कँटनमध्ये जेमतेम 16 हजार माणसं राहतात, म्हणजे आपल्याकडचं एक मोठं गाव. झ्युरिकच्या पंधरा लाखांना त्याच्या दुप्पटच वजन.

भारतात सिक्कीम एक राज्य आणि उत्तर प्रदेशही एक राज्य. मला हे अन्यायाचं वाटत नाही. लोकसंख्येच्या जोरावर चार-पाच मोठी राज्यं घटना बदलू शकली तर लहान राज्यांनी संघराज्यात का राहावं? कलम 368 मध्ये निम्म्या राज्यांची मान्यता लागते तेव्हाही सिक्कीम आणि उत्तर प्रदेश एकेकच मोजतात. मी ताईंच्या यादीच्या अटीपेक्षा राज्यांच्या अटीवर जास्त विश्वास ठेवीन. यात घरी बसून कुणी जिंकत नाही, त्या त्या राज्यात जाऊन मतं मागावी लागतात.

जत_पूर्वभाग

सगळे टक्क्यांवर बोलताय. टक्के कुणाचे, हे आधी ठरवा.

आमच्या जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांनी दुष्काळात वैतागून कर्नाटकात जायचे ठराव केले होते. पाणी द्या नायतर सोडा, एवढाच त्याचा अर्थ. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तेच ठराव पुढं करून 40 गावांवर हक्क सांगितला, आणि इकडं एकदम धावपळ झाली. म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेला त्यानंतर गती आली.

पण ठराव म्हणजे काय? ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला तेवढीही लागत नाहीत. पाच हजार मतदारांच्या गावाचं राज्य बदलायचा ठराव पारावरच्या माणसांत होऊ शकतो. आता समजा खरंच कौल घ्यायचा ठरवलं. कुणाला विचारणार? त्या गावाला, जत तालुक्याला, सांगली जिल्ह्याला, का अख्ख्या महाराष्ट्राला? गावात 90 टक्के "होय" पडेल, महाराष्ट्रात 90 टक्के "नाही". मापाची पट्टी कुठलीही घ्या, कापड कुठून कापायचं हे आधी ठरवणाराच निकाल लावतो.

वकिलाची_डायरी (सांगली)

@जत_पूर्वभाग, कायद्याने उत्तर सोपं आहे आणि समाधान करणारं नाही. कलम 3 खाली राज्याच्या सीमा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, ते संसदेवर बंधनकारक नसतं. गावाला विचारायची तरतूद नाही.

पण विचारल्याचं उदाहरण आहे आणि ते आपल्या माणसांना नीट माहीत हवं. 16 जानेवारी 1967 ला गोवा, दमण आणि दीवमध्ये जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. त्यासाठी संसदेने 1966 मध्ये खास कायदा केला. दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. फरक 34,021. विलीनीकरणाच्या बाजूचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी कौलाआधी राजीनामा दिला होता. त्या वेळी केंद्रात गृहमंत्री होते आपले यशवंतराव. टक्क्यांची खास अट नव्हती, साधं बहुमत. आणि तुमचा "कुणाला विचारायचं" हा प्रश्न तेव्हाही होताच. गोव्याबाहेरच्या गोवेकरांना मत द्यावं ही मागणी झाली, मान्य झाली नाही. महाराष्ट्राच्या मतदाराला कुणी विचारलं नाही. तरी निकाल सगळ्यांनी मानला, आणि 1987 मध्ये गोवा राज्य झालं.

विटा_आटपाडी

वकीलसाहेब, मतदान किती झालं होतं गोव्यात?

वकिलाची_डायरी (सांगली)

80 टक्क्यांहून जास्त. दोन पानांचा होकार यादीच्या 44 टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणजे मॅडमची 40 ची अट असती तरी निकाल तोच लागला असता.

कोयनाकाठ (कराड)

हे वाचून बरं वाटलं. कारण गोव्यात घरोघरी प्रचार झाला होता, दोन्ही बाजू मैदानात उतरल्या होत्या. प्रश्न लोकांना आपला वाटला की 40 टक्के अवघड नसतात. ज्या दुरुस्तीसाठी दहांतले चारही घराबाहेर पडत नाहीत, ती घटनेत कशाला घालायची?

मतदानाचा नियम बदलला की कोण बोलतंय तेच बदलतं, हे चिलीत दिसलं. 2020 मध्ये "नवी घटना हवी का" यावर मतदान ऐच्छिक होतं, साधारण 75 लाख लोक आले, 78 टक्के "हवी" म्हणाले. सप्टेंबर 2022 मध्ये तयार मसुद्यावर मतदान सक्तीचं केलं, तेव्हा 1 कोटी 30 लाख आले आणि जवळजवळ 62 टक्क्यांनी तो फेटाळला. मसुद्यात 388 कलमं होती आणि उत्तर एकच, होय किंवा नाही. पन्नास कलमं पटली आणि दोन नाही पटली तर माणसाने काय करावं? स्विस लोक एका प्रस्तावात एकच विषय असा नियम पाळतात. टक्क्यांइतकीच ही अटही मला महत्त्वाची वाटते.

घटनाप्रेमी_मिरज

एका विषयाला एक प्रश्न, याला पूर्ण अनुमोदन. राज्यांच्या बहुमतालाही मी तयार आहे. यादीच्या अटीला नाही. जोवर यादी खरी नाही तोवर तिच्यावर घटना उभी करू नका.

विटा_आटपाडी

माझंही तेच. आधी यादी.

जावळीची_सून

यादीचं मी सांगते, कारण आम्हाला ते काम करावंच लागलं. सह्यांना सुरुवात करायच्या आधी आम्ही चौघीजणी यादी घेऊन आळीआळीने बसलो. पुरुषांच्या यादीत मेलेले आणि मुंबईला गेलेले सापडतात. बायकांच्या यादीत त्याहून मोठं भोक आहे, लग्न होऊन गेलेल्या मुली. सासरी नाव चढतं, माहेरचं तसंच राहतं. आणि इकडे नव्याने आलेल्या सुनांची नावं चढलेलीच नसतात. म्हणजे मुलगी इथे "नाही" म्हणून मोजली जाते आणि सून, जिच्या घरात रोज बाटली येते, तिला मतच नाही. एकेका आळीत अशा इतक्या निघाल्या की 50 टक्क्यांची रेघ त्यानेच वर सरकत होती. नाव कमी करायला नमुना 7 भरायचा, घरच्यांची सही घ्यायची, बीएलओच्या (यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) मागे लागायचं. काही घरांनी लेकीचं नाव काढू दिलं नाही. "माहेरचं नाव पुसायचं का" म्हणून आई रडायला लागली, तिथे आम्ही पुढे बोललो नाही.

हे एका गावात चौघींनी केलं. देशभर सार्वमत घ्यायचं तर मतदानाच्या आधी यादीची घरोघरी तपासणी सक्तीची असावी. ती झाली तर मी ताईंच्या 40 ला हात वर करीन. नाही झाली तर नाही.

वकिलाची_डायरी (सांगली)

सुनांसाठी नमुना 8, पत्ता बदलल्याचा. तो नीट भरला तर जुन्या ठिकाणचं नाव वगळण्याची कारवाईही त्यातूनच होते. बहुतेक ठिकाणी नवीन नावाचा नमुना 6 भरतात, म्हणून माहेरचं नाव लोंबकळत राहतं. पुन्हा यादीवर बसाल तेव्हा हे आधी बघा.

जावळीची_सून

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. शेजारच्या गावात सध्या सह्या चालू आहेत, आज संध्याकाळी त्यांना कळवते.